सातव्या नंबरचा डबा

शंभर युआनला विकायचा डबा बनवायला एकशेवीस घालायचे, ही कसली दुकानदारी! पण शेन्झेनमध्ये टीव्हीला जोडायचे सिनेमा-मालिकांचे डबे बनवणारे सगळेच असं रडत होते. कुआंगशेठच्या कारखान्याला तर टाळंच लागायची वेळ आली होती. तो वाचवला तिथं विक्री बघणाऱ्या ल्याओ यानफांगनं.

"शेठ, डबा विकून पोट भरायचं नाही," ती म्हणाली होती. "डब्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक विका."

कोण काय बघतं, काय शोधतं, हे डबा टिपायचा; त्याच्या याद्या करायच्या आणि जाहिरातवाल्यांना द्यायच्या. सहा महिन्यांत कारखाना नफ्यात आला. दोनशे जणांच्या चुली वाचल्या. फांगताईला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. यादीत माणसं थोडीच होती, नुसते नंबर! पोटाला मिळू लागलं की आपल्या सगळ्यांचीच नजर अधू होते.

मंगळवारी दुपारी एका चूर्णवाल्या कंपनीसाठी तिनं यादी उघडली. जाहिरात बघून ज्यांनी चूर्ण मागवलं, त्यांची. पहिलाच नंबर तीन शून्यांनी सुरू होत होता. म्हणजे नमुन्याचा डबा. नमुना विकला की बरकत जाते, असं कुआंगशेठ मानायचा; म्हणून नववर्षाच्या वसंतोत्सवाला कारखान्यातला जो तो एकेक नमुना गावी न्यायचा. हे नंबर यादीतून गाळायचे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नमुना नंबर सात. तो तिनं स्वतः गावी, मैझोऊला, पपनसांच्या बागेत एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या टीव्हीला जोडला होता.

पुढे लिहिलं होतं: 'यकृताचा कर्करोग. बोलून शोधलं, एकतीस वेळा.'

तिनं तडक वडिलांना फोन लावला.

"जेवलीस का गं?" वडिलांनी नेहमीसारखं विचारलं.

"बाबा, तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय!"

"खोटं बोलू नका. मला कळलंय सगळं."

"कुणी सांगितलं? त्या डॉक्टरला बजावलं होतं मी, पोरीच्या कानावर घालू नको म्हणून."

"बाबा, मी आज निघते. आपण मोठ्या इस्पितळात जाऊ."

"कशाला? सुया बंद केल्यात मी, परवापासून. चूर्ण घेतोय."

"बंद केल्या? कुणाच्या सांगण्यावरून?"

"अगं, चूर्णानं गाठ विरते म्हणून रोज दाखवतात की," म्हातारा कौतुकानं म्हणाला. "माझ्या लेकीच्या डब्यात खोटं कसं येईल?"