चहाच्या वेळेचा फोन

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी दिवाणावर आडवा आहे, कानांवर सासूबाईंचा हेडफोन, आणि हेडफोनात माझे दिवंगत सासरे, आबा, भजन म्हणताहेत. म्हणताहेत म्हणजे काय, रिकाम्या हौदात तोंड घालून बोलावं तसं ऐकू येतंय. पखवाज तर गायबच आहे. तो कुठे गेला देव जाणे.

वीज मंडळात उभा जन्म गेला माझा. वायर असली की बिघाड सापडतो, आज ना उद्या. या बिनवायरच्या भानगडीत हात कुठे घालायचा हेच कळत नाही.

टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्या मेहुण्याचा, रणधीरचा. ऑफिसनं भंगारात काढलेला डबा त्यानं हैदराबादहून कराडला आणला, त्यात लिनक्स ही फुकटची सिस्टिम घातली आणि आबांच्या सगळ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. गाणी कंपन्यांच्या भरवशावर ठेवायची नाहीत, उद्या त्यांनी दुकान बंद केलं तर आबाही बंद, त्यापेक्षा आबा आपल्या घरातच बरे, असं त्याचं म्हणणं. मग तो तिकडे हैदराबादला झोपेतच गेला, आणि त्यानंतर हे असं वाजायला लागलं. मशीन बंद करून चालू केलं की सकाळी खणखणीत. चहाची वेळ झाली की बोंब, ती पुन्हा बंद करेपर्यंत. कालपासून मी ते मुद्दाम बंद केलेलं नाही. मी शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेतला, कारण तीही त्याच सुमाराला सुरू होते. भांडलो. गिरणीवाल्यानं वैतागून एक दिवस गिरणी बंद ठेवली. तरी आबा हौदातच.

माझ्यापुरतं असतं तर कधीच नाद सोडला असता. पण आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, काल हेडफोन काढून माझ्या हातात दिला. माझेच कान गेले, तुम्ही नका डोकं शिणवू, म्हणाल्या. नवरा गेला, मुलगा गेला, आणि आता ऐकायचंही सोडून दिलं तर ही बाई दिवसभर करणार काय? मला त्याचं वाईट वाटतं. वाईट वाटलं की मी चिडतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पंख्याचा आवाज लांब जातो. आबा एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणताहेत, की मीच ती पुन्हा पुन्हा ऐकतोय.

स्टुलावर रणधीर बसलाय. पाठमोरा, बिनबाह्यांचा स्वेटर, गालात लवंग. सिगरेट सुटल्यापासून त्याच्या तोंडात कायम लवंग असायची. तो गेलाय हे मला पक्कं माहीत आहे. पण त्याक्षणी मनात येतं ते इतकंच, की याला चहा कोण करणार, उज्ज्वला तर बाजारात गेलीय. उज्ज्वला माझी बायको, त्याची थोरली बहीण.

"दाजी, गिरणीवाल्याशी कशाला भांडलात?" तो म्हणतो.

मी म्हणतो, तू असतास तर भांडलो नसतो. तो मान हलवतो. त्याला ते पटलेलं दिसतंय.

आम्ही सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये आहोत. माझी जुनी खुर्ची, पॅनेलवर लाल-हिरवे दिवे, आणि मधल्या पॅनेलच्या जागी त्याचा स्क्रीन. मला यात काही वावगं वाटत नाही. मी त्याला सगळा इतिहास सांगतो. हेडफोनची जुनी जोडणी काढून टाकून तो नव्यानं जोडला, सगळी सेटिंगं उलटीपालटी केली, वरच्या मजल्यावरच्या पोराचं वायफायसुद्धा बंद करायला लावलं. तो शांतपणे ऐकतो. जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नव्हतं.

"माईक कुणी उघडा ठेवलाय?" तो विचारतो.

माईक कशाला लागतो, मी म्हणतो, आईंना गायचंय थोडंच. तो हसतो आणि समजावून सांगतो, पूर्वी फोनवर सांगायचा तसं, तोडून तोडून. या हेडफोनला दोन कामं एकदम झेपत नाहीत. नुसतं ऐकायचं असेल तर तो झकास वाजवतो. पण माईक उघडला की तो स्वतःला टेलिफोन समजायला लागतो. मग गाणं असो, भजन असो, सगळं टेलिफोनसारखंच ऐकवतो.

"मग बंद कर ना माईक."

तो उठतो. खाली घाटाच्या पायऱ्या आहेत. कृष्णा-कोयनेचं पाणी संथ आहे आणि आबांचा आवाज पाण्याखालून येतोय. पलीकडच्या काठावर आई बसल्यात, कानांवर हेडफोन, मांडीवर निवडायची मेथी. ओठ हलताहेत. इतक्या लांबून ऐकू येऊ नये, पण येतं. त्या म्हणताहेत, हं, बोल. थोडं थांबतात. पुन्हा म्हणतात, हं, बोल.

मग माझ्या डोक्यात उजेड पडतो.

रणधीरचा रोज चहाच्या वेळेला फोन यायचा, याच हेडफोनात. आईंना बटणं जमत नाहीत म्हणून त्यानंच सोय केली होती. वेळ झाली की मशीन आपणहून माईक उघडायचं आणि त्याच्या फोनची वाट बघायचं. आईंनी फक्त हं, बोल म्हणायचं. ठेवायचं मात्र त्यानं, तिकडून. कारण आई कधीच स्वतः फोन ठेवत नाहीत. मुलाचं बोलणं आईनं तोडू नये, असा त्यांचा नेम. म्हणून त्यानं ठेवण्याची सोय इकडे केलीच नाही.

माणूस गेला म्हणजे फोन संपला, असं मी धरून चाललो. मशीनला कुणी सांगितलंच नाही. ते रोज चहाच्या वेळेला माईक उघडतं आणि वाट बघत बसतं.

"मग ठेव की फोन," मी म्हणतो. माझा आवाज चढलाय.

"इथून नाही ठेवता येत, दाजी. बघितलं करून."

"मी ठेवतो."

"तुम्ही नका. तुम्ही ठेवलात तर तिला वाटेल, तोडलं. तिलाच ठेवू दे."

त्या कधी ठेवायच्या नाहीत, मी म्हणतो. तो खिशातून डबी काढतो, एक लवंग माझ्या हातावर ठेवतो, जिभेखाली धरा म्हणतो, बोलताना घसा भरून येत नाही. मला लवंग आवडत नाही. तरी मी ती तोंडात टाकतो, कारण आपल्या डबीतली लवंग तो कधीच कुणाला देत नसे. आम्ही एसटीत बसलोय. त्याची बॅग माझ्या मांडीवर आहे आणि शेजारची सीट रिकामी आहे.

गिरणी सुरू होते. मी डोळे उघडतो. आबा अजून हौदात. जीभ बधिर झालीय, आणि तिच्याखाली काहीतरी टोचतंय. मी ते बोटानं काढतो. लवंग आहे, फुलासकट. आमच्या घरात मसाला विकतचा, दळलेला येतो. अख्खी लवंग नाही.

मी ती टेबलाच्या कडेला ठेवतो आणि स्क्रीनसमोर बसतो. शोधायला वेळ लागत नाही, काय शोधायचं ते आता माहीत आहे. मशीनमध्ये पडद्याआड चालू असलेल्या कामांच्या यादीत ते सापडतं. रणधीरनं त्याला नावही दिलंय, 'आई'. कायमचं बंद करायला एकच बटण दाबायचंय. माझं बोट त्यावर जातं आणि मी ते मागे घेतो.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडताहेत. मी त्यांना सगळं सांगतो, स्वप्न सोडून. कान चांगले आहेत, म्हणतो. बिघाड फोनचा आहे, तो अजून चालू आहे.

त्या मेथीची काडी हातात धरून बसतात.

"म्हणजे मी बोलायची ते त्याला पोचत होतं?"

"नाही, आई. पलीकडे कुणी नव्हतं. नुसता माईक उघडा होता."

मी हे असं सरळ सांगतो, कारण दुसरं काय सांगणार? त्या पदराला हात पुसतात, माझ्यामागून येतात, स्टुलावर बसतात. हेडफोन स्वतःच कानांवर चढवतात. कुठलं बटण, ते मी बोटानं दाखवतो. त्या पदर सारखा करतात, स्टूल पुढे ओढतात. गिरणीचा पट्टा फटफटतोय. मी घाई करत नाही, आणि ही माझी सवय नव्हे.

"ठेवते रे," त्या म्हणतात, आणि बटण दाबतात.

त्यांची मान एकदम वर होते. हात मांडीवर ठेका धरतो, आधी चुकतो, मग बरोबर पडतो. पखवाज आला, त्या मला सांगतात, बऱ्याच मोठ्यानं, कानांवर हेडफोन असलेली माणसं बोलतात तसं.

मग त्यांना टेबलाच्या कडेची लवंग दिसते. त्या ती उचलतात, वास घेतात आणि माझ्याकडे बघतात. लवंग पदराच्या टोकाला बांधतात, गाठ दोनदा ओढून बघतात, आणि डोळे मिटून आबांना ऐकत बसतात.