घडी घातलेला महाल

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी गोंदियात पाट्या रंगवायचो. आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. जुन्या फलकांवरचं राज्याचं नाव खोडून नवं लिहायची कामं निघाली, तिथून माझी सुरुवात झाली. आमचं घर कामठ्याकडचं, शेतीचं. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं कोणाला काही विचारावं तर घरी तसं माणूस नव्हतं. गिऱ्हाईक कसं सांभाळायचं हेही कोणी शिकवलं नाही. जो डोक्यावर येऊन उभा राहील त्याचं काम आधी आणि जो समजून घेईल त्याचं मागून, एवढंच मला आपोआप जमू लागलं होतं. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटत नव्हतं.

माझी मोठी बहीण चिचगडच्या पुढं, जंगलातल्या एका गावात दिली होती. लहानपणी घरची गुरं तिनं राखली म्हणून मी शाळेत जाऊ शकलो. मी तिला बाई म्हणत असे.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई, सोयरे सगळे येतात, दुपारी दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो आणि रात्री गावातलीच माणसं नाटक करतात. बाईच्या गावात नाटकाचे पडदे दरवर्षी भाड्यानं यायचे. त्या वर्षी तिचे सासरे गावाच्या बैठकीत उठून म्हणाले, "भाड्याचे पडदे कायले पायजे? आमच्या सुनेचा भाऊ कॉलेजात शिकून राहिला. तो काढून देते महाल." गावानं मान्य केलं आणि भाड्याच्या पडदेवाल्याला नको म्हणून कळवलं.

सासरे स्वतः कापड घेऊन गोंदियाला आले. जोडून शिवलेला मांजरपाट, बैलाच्या पाठीएवढं ओझं.

"जमेल ना, बाबू? मी शब्द देऊन बसलो."

"जमेल मामाजी," मी म्हणालो. हाताशी वीस दिवस होते.

त्याच आठवड्यात एका बिडीच्या शेठनं बंडलावरच्या लेबलासाठी सिंह काढायला सांगितला. मी काढून नेला. शेठ गादीवर लोळत म्हणाले, "बेटा, ये शेर है? इसका मुँह तो बकरी जैसा है. फिर से बना."

मी पुन्हा काढला. तेव्हा आयाळ कमी पडली. तिसऱ्यांदा शेपटी. एकदा धीर करून मी सांगितलं की मला गावच्या नाटकाचा पडदा करायचा आहे. शेठ हसले. "पहले मेरा शेर, फिर तेरा नाटक. नाटकवाले कहाँ भागे जा रहे हैं?"

ते मला पटलं, हे आज लिहायलाही जड जातं. बहिणीचंच गाव, आपलीच माणसं, ती कुठं जातात? पाचवा सिंह पसंत पडला तेव्हा मंडईला चार दिवस उरले होते.

भात गिरणीच्या मागं धान वाळवायचं मोठं आवार होतं. तिथं कापड पसरून मी महाल काढला. खांब, कमानी, लाल गालिचा, मागं निळं आकाश. मन लावून काढला. भुकटीचे रंग सरसात कालवून लावायचे, तर त्याला ऊन हवं. ते सगळे दिवस आभाळ होतं. सरसाचा पडदा बांबूवर गुंडाळून न्यावा, पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नये, हे मला ठाऊक होतं. मंडईच्या आदल्या दिवशी मोटरवर गेलो तर टप माणसांनी आणि पोत्यांनी भरलेला. "बांबू खाली ठेव नाहीतर तूही खाली रहा," कंडक्टर म्हणाला. मी बांबू सोडला, पडद्याची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसलो. बोटांना गार लागत होतं. मी हात काढून घेतला.

देवरीहून पुढं बैलगाडी. पडदा रात्रभर दवात राहिला.

दुसऱ्या दिवशी दंडार संपली, माणसं अजून बसलेलीच होती. पडदा आधी टांगून बघू म्हणून चौघांनी घडी धरली. ती उघडेना. मी म्हणालो, हळू. त्यांनी ओढली. ओल्या चामड्यासारखा आवाज झाला. खांब आकाशाला चिकटून आले, गालिच्याचे पोपडे खाली पडले आणि कमानींच्या जागी नुसता मांजरपाट दिसू लागला.

मागून एक म्हातारा ओरडला, "अबे, महालाले खरूज झाली!" सगळी मंडई हसली.

सासरे जागचे हलले नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतेत का?" रात्री घोंगड्या जोडून टांगल्या आणि राजा त्या घोंगड्यांसमोर बसला.

बाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिथंच कोणीतरी तिला "महालवाली" म्हटलं. ते नाव तिला चिकटलं. विहिरीवर, धानाच्या रोवणीला, पाहुण्यांसमोर. त्या वर्षी तिला माहेरी पाठवलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. वडील आणायला गेले तर सासरे म्हणाले, "काऊन पाठवू? पुन्हा एखादा महाल आणायले?"

तिसऱ्या वर्षी मी गेलो. नवा पडदा फुकट करून देईन, नीट सुकवून, आठ दिवस आधी आणून देईन, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. सासरे शेतावर होते. बाईनं माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नोको बाबू. आता हसणं कमी होऊन राहिलं. पुन्हा आठवण कायले द्यायची?"

मी विचारलं, "लई बोलतेत का तुले?"

खाटेवर सासऱ्यांचं बिडीचं बंडल पडलं होतं. त्यावर माझा सिंह होता; तो मी काढल्याचं वडिलांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं ते उचललं, उजेडाकडं धरलं.

"हा तूच काढला ना? तवा हेच काम करत होता?"

"हो."

तिनं सिंहावरून अंगठा फिरवला. "चांगला जमला," म्हणाली, आणि बंडल होतं तिथं ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.