स्वखुशीची झडती

बाबांनी दोन्ही हात वर केले.

समोर काचेचं दार होतं. दाराशी नवा गणवेश घातलेला गार्ड. त्याने बाबांना काही विचारलंही नव्हतं. म्हातारा माणूस बघून तो दार उघडायला पुढे झाला, एवढंच. पण गार्ड पुढे आला तसे बाबा थांबले. हातातला डबा खाली ठेवला, त्याची झाकणं काढून फरशीवर मांडली. चपला काढून उलट्या केल्या. मग हात वर करून, पाय फाकवून उभे राहिले आणि हळूच गोल फिरले.

तो डबा माझ्यासाठी होता. मिल बंद पडल्यापासून बाबांना काम उरलं नव्हतं, म्हणून मी असेन तिथे ते दुपारी डबा आणायचे. त्या दिवशी मी माझ्या सीनियर वकिलांबरोबर एका कंप्युटर कंपनीत आले होते. मी त्यांच्या हाताखालची ज्युनियर. त्यांना सगळे साहेब म्हणत.

कंपनीच्या तरुण मालकाने केबिनच्या काचेतून बाबांना पाहिलं. तो हसतच बाहेर आला.

"अरे वा, काका तो पहले से ट्रेंड हैं! कौन-सी मिल के?"

बाबांनी मिलचं नाव सांगितलं. हात वरच.

मागून साहेब आले. साहेब मराठीच. पणजोबा संस्थानच्या दरबारात सरदार, घरी दिवाणखान्यात तलवार. ते मला म्हणाले, "बघ, ही शिस्त अंगात यायला अख्खी पिढी जाते. इथल्या पोरींना आपण ती एका कागदात लावू." मग नाकाशी रुमाल नेत, "तो डबा बंद कर आधी. लसणाचा वास सुटलाय सगळीकडे."

मी खाली वाकून झाकणं लावली. बाबा विचारत होते, "जाऊ का गं मी?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

आम्ही परदेशीपुऱ्यातले, मिलच्या चाळीतले. आजोबा खानदेशातून या हिंदी बोलणाऱ्या शहरात आले. गावात पाण्याला शिवू देत नव्हते, इथे निदान यंत्राला शिवू देत होते. पण पाळी सुटली की गेटवर झडती. कुणी सूत, कापड कमरेला गुंडाळून नेऊ नये म्हणून. गेटवाला काखेत हात घाले, डबा हुंगे, धोतराचा सोगा ओढून बघे. बाबू लोकांना वेगळं दार होतं. तिथे नुसता नमस्कार.

आम्ही पोरं चाळीत 'गेट-गेट' खेळायचो. मजूर व्हायला कुणी तयार नसे. मी नेहमी गेटवाला. कुणी तोंडात गोटी लपवो, कुणी वेणीत, मला ती सापडायचीच. पोरं म्हणायची, तू लई बेकार गेटवाला आहेस, खऱ्यापेक्षा कडक. मला अभिमान वाटायचा. बाबा ओट्यावर बसून आमचा खेळ बघत आणि उठून आत जात. ते का जातात, हे मी कधी विचारलं नाही.

मग देश खुला झाला, असं पेपरात यायला लागलं. आमची मिल बंद झाली. शेवटच्या पाळीला गेटवाला आलाच नाही, त्याचीही नोकरी गेली होती. गेट सताड उघडं. बाबा सांगत, तरी लोक रांगेत उभे राहिले. आपापले डबे उघडून. कुणी पुढे जाईना. शेवटी कुणीतरी रडायला लागला, तेव्हा रांग मोडली.

या माणसाच्या वर केलेल्या हातांवर मी वकील झाले. भंवरकुआंच्या एका क्लासात कंप्युटर शिकले. राजवाड्याजवळच्या साहेबांच्या ऑफिसात कंप्युटर चालवणारी मी एकटीच, म्हणून ही नवी कामं माझ्या गळ्यात पडली. सायबर कायदा नुकताच आला होता. साहेब म्हणत, यात पुढे फार स्कोप आहे.

या कंपनीत अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद यायचे. पोरी ते बघून आकडे, नावं, आजार कंप्युटरवर उतरवायच्या. बहुतेक पोरी बंद मिलवाल्यांच्याच घरच्या, टायपिंग शिकलेल्या. त्यांत माझी वहिनीही होती. दादाला काम नव्हतं, घर तिच्यावर चालायचं. तिकडच्या दवाखान्यांनी लिहिलं होतं, आमच्या रुग्णांची माहिती बाहेर जाता कामा नये. बरोबरच आहे. कुणाचा आजार चारचौघांत का जावा?

मालकाने त्याचा अर्थ असा लावला की पोरींची झडती घ्या. सुटताना पर्स, रुमाल, अंग. पोरी फ्लॉपी लपवून नेतील म्हणून. मी म्हटलं, सर, मशीनचे फ्लॉपी ड्राइव्हच काढून टाका ना, प्रश्नच मिटला. तो म्हणाला, "मैडम, झड़ती सस्ती पड़ती है।"

झडती आधीच सुरू होती. वहिनी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, महिन्याच्या दिवसांत पण पिशवी उघडून दाखवावी लागते हो. सब के सामने." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

माझं काम होतं या झडतीला कायद्याची बैठक द्यायचं. तो मसुदा मी लिहिला. झडती, ईमेल वाचणं, फोन ऐकणं, सगळं. साहेबांनी तो वाचून माझी पाठ थोपटली. "माणूस कुठे काय लपवेल, ते तुला बरोबर सुचतं." फक्त वरती एक वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. की मी हे सर्व स्वखुशीने मान्य करते.

नव्या कायद्यात कंप्युटर फोडणाऱ्याला शिक्षा होती. पोरीची पिशवी उघडणाऱ्याबद्दल मला त्यात काही सापडलं नाही. मी पुनःपुन्हा शोधलं.

बाबांचे हात वर झाले ते या कागदावर सह्या व्हायच्या दिवशी. डबा बंद करून मी बाबांना रस्त्यावर सोडून आले. वर पोरी रांगेत उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "तू वाचून दाखव. तुझ्यातल्याच आहेत, तुझं ऐकतील."

तुझ्यातल्याच.

मी कागद हातात घेतला. पहिली वहिनीच उभी. मी वाचायला लागले, त्या वाक्याशी आले आणि थांबले. बाबा डोळ्यांसमोर गोल फिरत होते. मी कागद टेबलावर उपडा ठेवला.

"इसमें लिखा है, अपनी खुशी से। जिसकी खुशी नहीं है, वो साइन मत करना। कानून में कोई ज़बरदस्ती नहीं है।"

मालकाचं हसू गेलं. साहेब एवढंच म्हणाले, "लायकी दाखवलीस."

"हो," मी म्हटलं. "बघून घ्या."

पण खरी शिक्षा साहेबांनी दिली नाही. वहिनी पुढे आली. तिने कागद सुलटा केला आणि माझ्याकडे न बघता सही केली. मागच्या काही पोरींनी केली नाही, त्या घरी गेल्या. आणि आठवडा संपायच्या आत वहिनीलाही काढलं. सही करूनसुद्धा. माझी वहिनी म्हणून.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, मालकाने मला विचारलं नाही, ठीक आहे. तो मालक आहे. तुम्ही तरी विचारायचं होतं."

स्वखुशी, संमती, सगळे मोठमोठे शब्द मी त्या खोलीत उधळले, आणि जिची भाकरी त्यात जाणार होती तिलाच विचारलं नाही. साहेबांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन फिरते.

वहिनी आता सांवेर रोडला नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरते. तिथेही सुटताना झडती आहे. "तिथे कागदबिगद नाही ताई, सरळ हात लावतात," ती म्हणते. मी म्हटलं, केस करू? ती म्हणाली, नको, अजून नको. मी थांबले आहे. दर सणाला विचारते. ती ज्या दिवशी हो म्हणेल, त्या दिवशी त्या गेटवर मी उभी असेन.

साहेबांचं ऑफिस मी त्या सह्यांच्याच दिवशी सोडलं. आज माझी स्वतःची पाटी आहे. कंपन्या येतात. कुणाला कामगारांचे फोन ऐकायचे असतात, कुणाला कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कॅमेरा लावायचा असतो. सगळ्यांना ते एक वाक्य हवं असतं. मी ते लिहीत नाही. पुष्कळ जण उठून जातात आणि दुसऱ्या वकिलाकडून लिहून घेतात. घेऊ देत. माझ्या हातून ते जाणार नाही.

परवा बाबा कोर्टात डबा घेऊन आले. गेटवर शिपाई. मी धावत पोचेपर्यंत डबा उघडलेला, हात वर.

"बाबा, हात खाली घ्या."

"बघू दे गं त्याला. त्याचं काय जातं?"

मी शिपायाला म्हटलं, "पहले वजह बताओ, भिया। फिर इनसे पूछो।"

तो गोंधळला. सामान की चेकिंग है मैडम, सबकी होती है, म्हणाला. ठीक. कारण तरी सांगितलं. मग मीच बाबांकडे वळले. "बाबा, तो विचारतोय. तुमची झडती घेतलेली चालेल?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग शिपायाकडे. हात वर गेले, अर्ध्यावर थांबले. त्यांना या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मागची रांग ओरडायला लागली, मैडम, जाने दो ना, टाइम खोटी हो रहा है.

मी हलले नाही. बाबा उत्तर शोधत होते. रांग थांबली तर थांबू दे.