कुनिसाकीच्या डोंगरातला देव

जपानच्या कुनिसाकी द्वीपकल्पावर सायकलने फिरायचं आम्ही बापलेकीने वर्षापूर्वीच ठरवलं होतं. निघायच्या आठवड्यात मात्र वेगळाच विषय निघाला. बायको गेल्यापासून कॉव्हेंट्रीच्या घरातली पूजा मीच करतो. आता सत्तरी आली. माझ्यामागे देवांचं काय, हे हयातीतच ठरवायचं होतं. बॉयलर दुरुस्तीचा धंदा उभा केला तोही असाच, पुढचं आधी बघून. मिल्टन कीन्सहून अदिती फोनवर म्हणाली, "बाबा, लेस्टरच्या मंदिरात देऊन टाक ना." मी विषय बदलला.

हीथ्रोहून टोकियो, तिथून ओइता. विमानतळ द्वीपकल्पावरच आहे. इलेक्ट्रिक सायकल दिवसाला साधारण तीन हजार येन, म्हणजे पंधरा पौंडांच्या आसपास. साधी घेऊ नका. मधल्या डोंगरातून दऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या समुद्राकडे उतरतात. एकीतून दुसरीत जायचं म्हणजे चढ आलाच. आत दुकानं जवळपास नाहीत, म्हणून भाताचे त्रिकोणी गोळे सकाळीच घ्यायचे. शाकाहाऱ्यांनी आंबट प्लमवाला मागावा.

दोन दिवस कापलेली भातशेतं, बंद घरं आणि देवळांच्या शेवाळलेल्या दगडी कमानी बघत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका कमानीखाली थांबलो, तर वरून खराट्याचा आवाज आला. पायऱ्या संपता संपेनात. वर लहानसं लाकडी देऊळ आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा झाडत होते. अदितीने फोनवर भाषांतर लावलं.

आजोबा सांगू लागले: गावात चार घरं उरलीत. पुढच्या महिन्यात देवाला खालच्या गावातल्या देवळात नेणार.

"देव रागावणार नाहीत?" मी विचारलं.

"पुजारी देवाला रीतसर विचारतील," आजोबा म्हणाले. "पण माझ्यामागे इथे अंधारात एकटं ठेवायचं? ते मला पटत नाही."

अदितीने तिथल्या रीतीने दोनदा वाकून नमस्कार केला, टाळ्या वाजवल्या आणि मध्येच अडली. "किती वाजवायच्या? चुकलं तर?"

"दोन. माझा नातू तीन वाजवतो," आजोबा हसले. "पण येतो तरी."

उतारावर अदिती सायकल थांबवून म्हणाली, "बाबा, मला देव नको असं नव्हतं. आई कसं करायची ते मला येत नाही. माझ्याकडून काहीतरी राँग होईल."

"मग?"

"रोज नाही जमणार. संडेला चालेल?"

आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी. लगेच हो म्हणालो.

परतल्यावर देव तिच्या हवाली केले आणि पहिल्या रविवारी तिच्याकडे गेलो. प्रिंटरशेजारच्या फळीवर धुतलेले देव मांडले होते. फूल बागेतलं. अन्नपूर्णेचं तोंड चक्क भिंतीकडे होतं.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

माझे हात शिवशिवले. ते मी जोडले.