वाइनरीतलं नेपाळ आणि बाबांची खुंटी

बाबांना नेपाळ दाखवायचं तीनदा ठरलं आणि तीनदा कॅन्सल झालं. एकदा तिथे संचारबंदी लागली, एकदा माझ्या अमेरिकन व्हिसाचं स्टॅम्पिंग अडलं आणि तिसऱ्यांदा बाबांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, आता चढउतार नको. म्हणून यंदा ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत बॉथेलला आले, जिथे बघण्यासारखं म्हणजे आमचं पार्किंग आणि शेजाऱ्यांचं पार्किंग. परतीला दहा दिवस उरले असताना मला इंटरनेटवर एक फोटो सापडला: आमच्याच वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, नेपाळमधल्या पाटणच्या कारागिरांनी बांधलेला दोन छपरांचा पॅगोडा. फोटोखालचा मजकूर मी वाचला नाही. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माणूस डॉक्युमेंटेशन वाचत नाही.

नेपाळच का, ते सांगायला हवं. बाबा नागपूरचे, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले इंजिनिअर. नोकरीच्या सुरुवातीला भंडाऱ्याजवळच्या एका देवळाच्या सभामंडपाची दुरुस्ती त्यांच्याकडे होती. छप्पर तोलणारे तिरपे लाकडी टेकू दौलत मिस्त्री नावाचा सुतार नुसत्या लाकडी खुंट्यांवर बसवणार होता. बाबांनी त्याला अडवलं आणि लोखंडी बोल्ट मारायला लावले. सात-आठ पावसाळ्यांत टेकू बोल्टपाशी उभे चिरले. लाकूड कच्चं वापरलं असा ठपका मिस्त्रीवर आला, त्याची सरकारी कामं बंद झाली आणि बाबा गप्प बसले. "लाकूड कच्चं होतं का माझा बोल्ट चुकला, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे," एवढंच ते म्हणत. नेपाळची देवळं पिढ्यान्‌पिढ्या अशाच टेकूंवर आणि खुंट्यांवर उभी आहेत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. नवरा ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकला होता, म्हणून मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची लेक इरा. आय-नव्वद हायवेवर स्नोक्वाल्मीचा घाट ओलांडला की हिरवी अमेरिका संपते आणि तपकिरी अमेरिका सुरू होते. पुढे आय-ब्याऐंशीने दक्षिणेला वळायचं. एलन्सबर्गला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या आणि डबा सोबत ठेवा. आमच्याकडे गोडाचे शंकरपाळे, तिखट पुऱ्या, लोणचं आणि पूजेसाठी नारळ होता. वाटेत बाबांनी नेपाळी शैलींवर व्याख्यान दिलं. शिखर शैली आपल्याकडच्या देवळांसारखी उंच निमुळती, स्तूप म्हणजे घुमट आणि वर रोखून बघणारे डोळे, आणि पॅगोडा म्हणजे विटांच्या भिंती, एकावर एक उतरती छपरं आणि त्यांना खालून तोलणारे तिरपे कोरीव टेकू, म्हणजे टुंडाल.

"काही समजून राहिलं का, इरा?"

"आजोबा, इज देअर अ बाथरूम?"

पॅगोड्यापाशी पोचलो तेव्हा तिथे बाथरूम होतं. शिवाय बाहेर पाटी होती: वाइन टेस्टिंग, माणशी पाच डॉलर. ज्याला मी देऊळ समजले होते ते द्राक्षबागेच्या मालकाचं दुकान होतं. गाभाऱ्याच्या जागी काउंटर, देवाच्या जागी रेड आणि व्हाइट. मी पाटी वाचत होते तेवढ्यात बाबांनी बूट काढले आणि नारळ हातात घेऊन आत गेले.

काउंटरवरच्या बाईने अदबीने विचारलं, अशा ठिकाणी बूट काढायची प्रथा असते का?

"इट इज कंपल्सरी," बाबा सरकारी इंग्रजीत म्हणाले.

आमच्यामागून आलेल्या चार जणांनी मुकाट्याने बूट काढले आणि मोज्यांवर वाइन चाखली. ही प्रथा अजून चालू असेल तर दोष आमच्या घराण्याचा.

बाबांचं मात्र लक्ष वर होतं. पुढच्या दर्शनी टेकूंना बोल्ट मारलेले होते. त्यांचा चेहरा पडला. "इथंही माझ्यासारखा साहेब निघाला," ते म्हणाले. बाई म्हणाली, पुढच्या बाजूला बोल्ट हवेतच असं तपासणीवाल्यांनी सांगितलं होतं, मागची बाजू जुन्या पद्धतीनेच आहे. आणि बांधणारा सुतार सध्या दुरुस्तीला आलेला आहे, बाहेर शिडीवर.

तो पाटणचा हर्कमान, साठीचा, कानामागे पेन्सिल. एक चिरलेला टेकू काढून त्याने खाली ठेवला होता, नेमका बोल्टपाशी चिरलेला. बाबा त्याच्याशेजारी गवतातच बसले.

"लकड़ी कच्ची थी?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न ते पस्तीस वर्षं बाळगून होते.

"नहीं साहब. एक ही पेड़ की लकड़ी है. पीछे खूंटी, आगे बोल्ट. पीछे जाके देखो."

आम्ही मागे गेलो. टेकू अखंड होते. उन्हाळ्या-हिवाळ्यात लाकूड हलतं, खुंटी त्याच्यासोबत हलते, बोल्ट हलत नाही, हर्कमान म्हणाला. बाबांनी प्रत्येक टेकूवरून हात फिरवला, मग पुढे येऊन चिरेत नख घालून पाहिलं.

"माझंच चुकलं होतं," ते मराठीत म्हणाले. हर्कमानला समजलं नाही, मला समजलं. पाटी वाचल्यापासून जपून ठेवलेला वाइनच्या प्रसादाचा विनोद मी केला नाही.

नारळ हर्कमानला दिला. त्याने आधीच्या दुरुस्तीतली एक जुनी खुंटी बाबांना दिली. येताना रस्त्यावरच्या खाण्याच्या ट्रकमधून बुरिटो घेतले, बाबांनी त्यातला भात बाजूला काढून लोणच्याशी खाल्ला.

तुम्ही जाणार असाल तर मोजे बिनभोकाचे घाला. पॅगोडा सुंदर आहे, वाइनचं मला विचारू नका, मी ड्राइव्ह करत होते. मला वाटलं होतं मी बाबांना नेपाळचं डुप्लिकेट दाखवून वेळ मारून नेली.

काल बाबांचा नागपूरहून फोन आला. ते खुंटी घेऊन भंडाऱ्याला गेले होते. दौलत मिस्त्री ऐंशीचा झाला आहे, ऐकू कमी येतं, म्हणून बाबांना अंगणात सगळ्या शेजाऱ्यांदेखत मोठ्याने सांगावं लागलं की लाकूड चांगलं होतं, चूक माझी होती.

"मग? ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, साहेब, एवढ्या लांब काहून गेले? म्या त तवाच सांगितलं होतं."