वन्संची वेबसाइट आणि खंडेनवमी

बंद पडलेली वस्तू जुनी झाली म्हणून टाकून द्यायची असते, हे आमच्या थोरल्या वन्संना आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. एका कचेरीच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाल्या आणि मुलुंडला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हापासून आमच्या जिन्यातली एकही बेल, मिक्सर की इस्त्री सुखाने मेलेली नाही. लग्नात माइक बंद पडला की लोक माइकवाल्याला शोधतात, वन्सं वायर शोधतात. आमच्या पुतणीच्या लग्नात अशाच पदर खोचून स्टेजमागे गेल्या, प्लग सापडला, माइक सुरू झाला आणि भटजींच्या ‘सावधान’पाठोपाठ सगळ्या हॉलला वन्संचा आवाज ऐकू आला, की हा प्लग कुठल्या गाढवाने काढला. नवरामुलगा दचकून खरंच सावध झाला.

त्यांचं एक तत्त्व आहे, एका वेळी एकच बदल. माझी आमटी बिघडली की मी आपली मीठ, गूळ, चिंच सगळं घालून मोकळी होते. वन्सं पळी धरतात. आधी गूळ, मग चव, मग विचार, मग जमलं तर चिंच. आमटी सुधारते खरी, पण तोवर भात गार होतो आणि यांचं डोकं गरम.

तर वन्संनी बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळासाठी एक वेबसाइट स्वतः बनवली. मंडळ आजारी माणसांसाठी वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची अशा वस्तू वापरायला देतं. कुठली वस्तू कोणाच्या घरी आहे हे साइटवर दिसतं, नाहीतर लोक बरे होतात आणि विसरतात. घाटकोपरच्या एका घरी आमच्या वॉकरवर टॉवेल वाळत होते. दिसायला साइट अगदी साधी, पण वन्सं तिच्याकडे सासरी नांदणाऱ्या लेकीसारख्या बघतात. रोज सकाळी चहाआधी उघडून बघणार, बरी आहे ना.

यंदा साइट ठेवणाऱ्या कंपनीने कळवलं, की सर्व्हर नवा करतोय, अमुक दिवसापर्यंत तुमच्याकडचे बदल करून घ्या. वन्सं शेवटच्या दिवशी करणार होत्या, कारण चालू वस्तूला लवकर हात लावायचा नाही हे दुसरं तत्त्व. आणि तो शेवटचा दिवस निघाला खंडेनवमीचा. वन्संच्या घरी त्या दिवशी कॉम्प्युटर पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पुजलेला असतो. वर्षभर राबणाऱ्या अवजाराला एक दिवस विश्रांती. त्याला त्या हात लावतील होय? दसऱ्याच्या सकाळी चहाआधी उघडून बघतात तर साइट बंद. डेटाबेसशी संपर्क होत नाही म्हणे.

मला त्यांनी समजावलं, साइट म्हणजे खिडकीवर बसलेली बाई आणि डेटाबेस म्हणजे आतलं गोदाम. गोदाम शाबूत आहे, पण बाई ज्या जुन्या पद्धतीने हाक मारते ती नव्या सर्व्हरला समजतच नाही. तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. माणूस वाईट नाही, पण पोरगेलासा आणि सरळ बोलणारा. म्हणाला, “ताई, साइट तुम्ही सुरू कराल हो. पण तुमच्यानंतर कोण बघणार? रविवारच्या सभेत बंदच करून टाकू ना, व्हॉट्सॲपवर भागेल.”

वन्संनी फोन ठेवला आणि समोरचा चहा तसाच गार होऊ दिला. हे इतकं नवीन होतं, की मी त्यांच्याच घरात त्यांना पाणी आणून दिलं.

मग त्या कामाला लागल्या. जिथे जिथे जुनी हाक होती तिथे नवी घातली. साइट बंदच. पुन्हा सगळं तपासलं, तरी बंद. आपट्याची पानं द्यायला येणारे दारातूनच सोनं देऊन परत जात होते. संध्याकाळी मी शेजारी बसले होते, मला इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता येतं तेवढंच. तरी दिसलं, की स्क्रीनवरचं वाक्य सकाळचं नाही. मी म्हटलं, “वन्सं, राग मानू नका, पण तुम्ही एका वेळी किती बदल केलेत?”

त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, “अगं, हात लागलाच आहे तर म्हणून पासवर्डही नवा घातला. दसरा आहे ना.” नवा पासवर्ड खिडकीवरच्या बाईला सांगितला होता, गोदामाला सांगायचा राहिला होता. जुना परत घातला आणि सगळ्या व्हीलचेअरी, सगळे वॉकर रांगेने हजर झाले. मी टाळ्याच वाजवल्या.

वन्सं मात्र खुर्चीवरून उठल्या. “बस इथे. मी आता परत बंद पाडते, तू सुरू कर.”

मी म्हटलं, मला काय येतंय? तर म्हणाल्या, आमटी तरी कुठे येत होती. मी एकेक अक्षर शोधत टाइप करत होते आणि त्या मागे दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून उभ्या होत्या, चुकून पुढे येऊ नयेत म्हणून. रविवारी सभेत चिटणीसांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा वन्संनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. साइट राहिली.

हल्ली काही अडलं की खुर्चीत मी बसते. वन्सं दिवाणावर मटार सोलत बसतात, स्क्रीनकडे पाठ करून. विचारलंस तरच सांगेन, म्हणतात. मला आता बरंचसं येतं. पण उत्तर ठाऊक असलं, तरी मी त्यांना एखादी गोष्ट विचारतेच.