नळीवर वहिनींचं नाव

भूतबित मी मानत नाही. सगळं आयुष्य लॅबमध्ये गेलं, भिंगाखाली दिसेल तेवढंच खरं हा माझा खाक्या. तरी एक गोष्ट अशी घडली... लाज वाटते म्हणून इतकी वर्षं घरीसुद्धा बोललो नाही.

९६-९७ साल असेल. सुरतला, भेस्तानमध्ये राहायचो आणि रिंग रोडजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. आमच्या डॉक्टरसाहेबांना नाद लागलेला — रक्तातून कॅन्सरच्या पेशी पकडायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची पातळ चकती, तिच्यातून रक्त हळूहळू सोडायचं. रक्ताच्या पेशी निसटतात, कॅन्सरच्या मोठ्या, त्या अडकतात. मग चकती रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची.

आमच्या गल्लीतल्या सुमनवहिनी, शिरपूरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. वर्षापूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढलेली. त्यांचं रक्त मीच घेतलं. शीर सापडेना, चारदा टोचलं! डोळ्यांत पाणी, तरी म्हणतात, "तुना हात हलका शे रे भाऊ."

आणि मी गाढव, नळीत रक्त न गोठण्याचं औषधच घालायला विसरलो. बघतो तर गोळा झालेला. त्यांना परत टोचायचं? साहेबांच्या शिव्या खायच्या? गुपचूप स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला, माझं रक्त काढलं आणि नळीवर वहिनींचं नाव चिकटवलं. म्हटलं, रिपोर्ट चांगला येईल, कुणाचं काय बिघडतंय?

दुपारी साहेब ओरडले, "अरे, आ जो!" म्हणजे, हे बघ!

चकतीवर सात-आठ मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी. आणि रक्त तर माझं! त्या दिवशी दुसरा कुणाचा नमुनाही नव्हता.

साहेबांनी लगेच धावपळ केली. गाठ परत आली का, ते काख उघडून बघायचं वहिनींचं ऑपरेशन चार दिवसांनंतरचं ठरलं. त्या चार दिवसांत मी तोंड उघडलं नाही.

काखेत खरंच गाठ निघाली. हाताला न लागणारी, एवढीशी. वेळेवर सापडली, म्हणाले सगळे.

नंतर माझं रक्त मी तीनदा गाळलं... काही नाही. आज साठी उलटली, ठणठणीत आहे.

दिवाळीला वहिनी फराळाचा डबा घेऊन आल्या. "तुनामुये जित्ती शे मी," म्हणाल्या. मी मान खाली घालून लाडू खाल्ला.

त्या पेशी कुठून आल्या, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. पण मी गप्प का बसलो, त्यात काही गूढ नाही हो — नोकरी जाईल म्हणून. गाठ निघाली नसती, तरी गप्पच बसलो असतो.